भात बंद करण्याआधी एवढं वाचा
(आमच्या डब्याच्या ग्राहकांसाठी)

एप्रिल लागला की हिंगण्याच्या कारखान्यांतून, सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसांतून, सीताबर्डीच्या दुकानांतून एकच निरोप येतो: "ताई, उद्यापासून भात नको. दोन वाजले की बसल्या जागी डोळे मिटतात." भात काढायला आमची ना नाही. पण सगळा दोष एकट्या भाताचा नाही.

दुपारी एक ते चारच्या सुमारास शरीराचं घड्याळच मंदावतं. उपाशी राहिलं तरी थोडी सुस्ती येतेच. भरपेट जेवण ती वाढवतं. रक्त पोटाकडे जातं म्हणून झोप येते, असं आपण लहानपणापासून ऐकतो. आतड्यांकडे रक्त वाढतं हे खरं, पण मेंदू आपल्या वाट्याचं रक्त सहसा कमी होऊ देत नाही.

मग झोप येते कशाने? मेंदूत ओरेक्सिन तयार करणाऱ्या पेशी आपल्याला जागं ठेवतात. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं, की ग्लुकोज वाढलं की या पेशी मंदावतात आणि प्रथिनांतल्या अमिनो आम्लांनी त्यांना चालना मिळते.

दुसरं कारण ट्रिप्टोफॅन. या अमिनो आम्लापासून मेंदूत सेरोटोनिन आणि पुढे झोपेचं मेलाटोनिन बनतं. पण मेंदूत शिरायच्या वाटेवर इतर अमिनो आम्लांचीही गर्दी असते. नुसता भात किंवा गोडधोड भरपूर खाल्लं की इन्सुलिन वाढतं आणि ते या इतरांना स्नायूंत ओढून नेतं. गर्दी ओसरते, ट्रिप्टोफॅनला वाट मोकळी होते. सोबत डाळ, उसळ, दही असेल तर गर्दी टिकून राहते. म्हणून भातावरचं वरण पातळ पाण्यासारखं नको, घट्ट हवं, हा आमचा हट्ट आहे.

तांदूळ कोणता, यानेही फरक पडतो. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात 12 निरोगी पुरुषांना झोपायच्या 4 तास आधी भात दिला. लवकर पचणाऱ्या तांदळाचा भात खाल्ल्यावर सरासरी 9 मिनिटांत झोप लागली, सावकाश पचणाऱ्याने 17.5 मिनिटांत. अभ्यास छोटा आणि रात्रीचा, तरी विचार करण्याजोगा.

तेलाचंही तसंच. स्निग्ध पदार्थ पोटात गेले की आतड्यातून कोलेसिस्टोकायनिन हे संप्रेरक सुटतं, पोट सावकाश रिकामं होतं आणि जडपणा लांबतो. गोळाभातावरचं फोडणीचं तेल, सावजी रस्स्यावरची तर्री आम्हालाही प्रिय आहे. पण ती रविवारी, घरी. कामाच्या दिवसाच्या डब्यात आम्ही ती देत नाही, ते याचसाठी.

या महिन्यापासून भात एक वाटी, उसळ किंवा वरण जास्त आणि कोशिंबीर सगळ्यात वरच्या पुड्यात येईल. वरचा पुडा आधी संपवा, मग उसळ-पोळी, शेवटी भात. या क्रमाने रक्तातली साखर एकदम चढत नाही. ताकाची बाटली उन्हाळाभर सोबत आहेच.

गाडी किंवा मशीन चालवणाऱ्यांना कळकळीची विनंती: पेंग येत असेल तर रेटू नका, 15-20 मिनिटांची डुलकी काढा. चहाने वेळ निभते, पण सायंकाळचा चहा रात्रीची झोप खातो आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच. रोज जेवल्यावर गाढ झोप येत असेल, सोबत तहान आणि लघवीला जाणं वाढलं असेल, तर साखर तपासून घ्या. रात्री जोरात घोरत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या सुरू असतील, तर त्यांना विचारल्याशिवाय भात-पोळी कमी करू नका.

"अर्धा भात, जास्त वरण" हवं असेल तर आदल्या रात्री आठपर्यंत निरोप द्या. डब्याचे पैसे तेवढेच राहतील.