खेळीकरण : बेळगाव सीमाभागातील इंग्रजी परीक्षा वर्ग

खेळ नसलेल्या कामात खेळाचे घटक आणून माणसाला त्या कामात गुंतवणे म्हणजे खेळीकरण. गुण, टप्पे, संघ, बक्षीस, डाव हरल्यावर मिळणारी दुसरी संधी, लगेच कळणारा निकाल हे ते घटक. सर्रास वापरातला शब्द गेमिफिकेशन हाच आहे. शिक्षक मंडळी मात्र ‘आज गेम घेतला’ एवढ्यावरच भागवतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. शनिवारी शेवटच्या तासाला शब्दांच्या भेंड्या लावणे हा भाषेचा खेळ झाला. घंटा झाली की तो संपतो. खेळीकरणात जूनपासून मार्चपर्यंतचा सगळा अभ्यासच एक लांबलचक डाव म्हणून मांडलेला असतो.

शब्द ब्रिटनमधला. २००२ मध्ये निक पेलिंग यांनी तो पहिल्यांदा वापरला असे मानले जाते, पण २०१० च्या आसपास तो सगळीकडे पसरला. २०११ मध्ये सेबास्टियन डेटरडिंग आणि सहकाऱ्यांनी ‘खेळेतर संदर्भात खेळ-रचनेच्या घटकांचा वापर’ अशी त्याची व्याख्या केली आणि तीच पुढे रूढ झाली. २०१२ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या ड्युओलिंगो या ॲपने रोजच्या सरावाची न तुटणारी साखळी, गुण आणि साप्ताहिक चढाओढ भाषा शिकणाऱ्यांच्या खिशात नेऊन ठेवली. कल्पना मात्र जुनी आहे. जुन्या शाळांत ज्याचे उत्तर चुकले त्याच्या वरच्या जागेवर बरोबर उत्तर देणारा जाऊन बसे. त्याला ‘नंबर वर चढणे’ म्हणत. आजचा लीडरबोर्ड (गुणांच्या क्रमाने लावलेली नावांची यादी) म्हणजे तीच बाकांची उतरंड, फक्त भिंतीवर टांगलेली.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात हा विषय वेगळ्या तऱ्हेने पुढे येतो. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तोवर मुंबई राज्यात असलेला हा भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. बेळगावचे अधिकृत नाव २०१४ पासून बेळगावी आहे. मराठी माध्यमाच्या शाळा चालू राहिल्या, पण त्यांतल्या मुलांना तीन भाषा आणि तीन लिप्या सांभाळाव्या लागतात. घरची मराठी पहिली भाषा, इंग्रजी दुसरी आणि कन्नड तिसरी, अशी मांडणी सर्रास दिसते. दहावीची, म्हणजे इथल्या भाषेत एस.एस.एल.सी.ची, परीक्षा ६२५ गुणांची असते. पहिल्या भाषेला १२५ आणि बाकी पाच विषयांना प्रत्येकी १०० गुण. इंग्रजीच्या शंभरातले ८० लेखी आणि २० अंतर्गत. २०२४ मध्ये मंडळाने वर्षाला तीन परीक्षा घ्यायला सुरुवात केली आणि त्यांतले चांगले गुण विद्यार्थ्याला ठेवता येऊ लागले. व्हिडिओ गेममधल्या ‘तीन लाइफ’ मंडळानेच देऊन टाकल्या, असे मुले तेव्हा म्हणाली असतील तर त्यांचे चुकले नाही.

खरी धास्ती दहावीची नसते, त्यापुढची असते. पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स किंवा कॉमर्स घेतले की भौतिकशास्त्रापासून अकाउंटन्सीपर्यंत सगळे इंग्रजीत येते. मराठीतून ‘घर्षण’ शिकून आलेला मुलगा पहिले दोन महिने वर्गात गप्प बसतो. त्यामुळे दहावीच्या इंग्रजी वर्गाकडे पालक दोन अपेक्षा घेऊन येतात, मार्क पडावेत आणि पोरगं बोलायला लागावं. मंडळाच्या लेखी प्रश्नपत्रिकेत बोलणे तपासले जात नाही. तिथे व्याकरणाचे पर्यायी प्रश्न, धड्यांवरची उत्तरे, कवितेच्या पाठ ओळी, पत्र, निबंध, मुद्द्यांवरून गोष्ट, चित्रवर्णन, एखाद्या व्यक्तीच्या माहितीवरून परिच्छेद असा मामला असतो. खेळ कशासाठी मांडायचा हे शिक्षकाने आधी ठरवले नाही, तर दोन्ही गोष्टी हातच्या जातात.

खेळाचा साचा परक्या ॲपमधून आणायची गरज नसते. बेळगावात दिवाळीला गल्लोगल्ली मातीचे किल्ले उभे राहतात. दगड, पोती, चिखल, वर मोहरी किंवा अळीव पेरून उगवलेली हिरवळ आणि मंडळांच्या स्पर्धा. येळ्ळूरचा राजहंसगड पाहिलेल्या मुलांना बुरूज आणि तटबंदी समजावून सांगावी लागत नाही. हाच किल्ला इंग्रजीच्या वर्गात असा मांडता येतो : मोठ्या पुठ्ठ्यावर किल्ल्याची नुसती बाह्यरेषा काढायची. प्रत्येक मूल कागदाच्या चिठ्ठीवर स्वतःचे एक वाक्य लिहिते. वाक्य बरोबर असेल तर चिठ्ठी दगड म्हणून तटात चिकटते. चुकीचे असेल तर फाडायचे नाही. ते खाली ‘खंदक’ असे लिहिलेल्या पाकिटात जाते. दुसऱ्या दिवशी ज्याचे त्याने ते बाहेर काढायचे, डागडुजी करायची आणि काय चुकले होते ते मराठीत चारचौघांना सांगायचे. डागडुजी झालेला दगड बुरजात बसतो आणि त्याचे गुण दुप्पट धरतात.

सगळी मेख या दुपटीत आहे. पहिल्या फटक्यात बरोबर लिहिणाऱ्याला एक आणि चूक सुधारणाऱ्याला दोन, असा हिशेब लागला की खंदकात वाक्य जाण्याची लाज उरत नाही. ‘आय डिड नॉट वेन्ट’ हे वाक्य खंदकातून काढून एखादा मुलगा सांगतो, ‘डिडनं भूतकाळ खाल्ला, आता गो कोराच राहणार.’ व्याकरणाच्या पुस्तकात हा नियम इतका नेमका क्वचितच सापडतो. ‘शी इज डॉक्टर’ हेही खंदकातले नेहमीचे गिऱ्हाईक, कारण ‘ती डॉक्टर आहे’ हे मराठीत पूर्ण वाक्य आहे आणि आर्टिकल नावाची चीज मराठीला ठाऊकच नाही. ‘आय टोल्ड टू हिम’ तसेच. ‘त्याला’ मधला ‘ला’ दिसला की हात आपोआप ‘टू’ लिहितो. महिनाभरात खंदकाचे पाकीट म्हणजे त्या वर्गाच्या चुकांचा नकाशा होतो. पुढच्या आठवड्यात काय शिकवायचे ते शिक्षकाला त्यातच कळते. पत्रलेखनासाठी किल्ल्याचा मुख्य दरवाजा राखून ठेवतात. पत्ता, तारीख, मायना, मजकूर, समारोप, सही असे पत्राचे कापलेले तुकडे पाकिटात घालून गटाला द्यायचे. एक तुकडा जरी जागेवर नसला तरी दरवाजा उघडत नाही.

दुसरा खेळ तीन भाषांचा आहे, आणि तो इथेच रंगतो. चार मुलांच्या हातात शब्दांच्या पाट्या द्यायच्या. आधी मराठी : ‘मी आंबा खाल्ला.’ मग कन्नड : ‘नानु माविनहण्णु तिंदे.’ दोन्ही वेळा क्रियापदाची पाटी धरलेली मुलगी शेवटी उभी असते आणि चौथा मुलगा भिंतीला टेकून रिकामा. मग इंग्रजी म्हटले की क्रियापदवालीला धावत मध्ये यावे लागते, आणि इतका वेळ बिनकामाचा उभा असलेला ‘अ’ आंब्याच्या पुढे घुसतो. ‘आय एट अ मँगो.’ घरची भाषा आणि बाजारातली भाषा एका रांगेत उभ्या राहतात, इंग्रजी एकटीच उलटी चालते. विभक्तीचेही तसेच. मराठीचा ‘ला’ आणि कन्नडचा ‘गे’ नामाच्या मागे लागतात, इंग्रजीचे ‘टू’ पुढे. कन्नड येणे हे ओझे समजणाऱ्या मुलाला तीच भाषा इथे ताडून पाहायला उपयोगी पडते. सीमाभागात भाषा म्हटली की ताण आलाच. हा खेळ तो ताण सोडवत नाही, पण पंधरा मिनिटे तीन भाषा एकाच फरशीवर सुखाने उभ्या राहतात.

शब्दसंग्रहासाठी सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात मांडलेली कार्डांची पेटी पुरते. चपलांच्या खोक्यात चार-पाच कप्पे करायचे. शब्द आठवला की कार्ड पुढच्या कप्प्यात आणि विसरला की थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज उघडायचा, पुढचे आणखी लांबच्या अंतराने. सापशिडीतला साप कोणाला समजावून सांगायला नको. पाठ ओळींसाठी खो-खो चालतो. मूळ खेळात आठ जण पाटीवर बसतात आणि नववा धावतो. वर्गात धावायचे नाही, एक ओळ म्हणून ज्याला खो द्यायचा त्याने पुढची ओळ उचलायची.

आता बिघडते कुठे ते. सर्वांत सोपा म्हणून सर्वांत आधी हात जातो तो लीडरबोर्डकडे. प्रस्तुत लेखकाने एका शिकवणीत दर सोमवारी गुणांची यादी दाराला लावून पाहिली आहे. पहिले पाच जण ती वाचायला लवकर येत. शेवटचे पाच हळूहळू सोमवारीच येईनासे झाले. त्यांतला एक शेवटी म्हणाला, ‘सर, मी काय खेळत नाही जावा.’ यादी त्या आठवड्यात उतरवली. परीक्षा हीच मुळात गुणांची उतरंड आहे, तिच्या दारात आणखी एक उतरंड लावून उत्साह वाढेल अशी अपेक्षा धरणेच चूक होते.

याला आधार आहे. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या स्वयंनिर्धारण सिद्धान्तानुसार आतून येणारी प्रेरणा तीन गोष्टींवर जगते. आपले आपण ठरवता येणे, जमते आहे असे वाटणे आणि माणसांशी जोडलेले असणे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निसबेट यांनी बालवाडीतल्या, चित्रे काढायला आवडणाऱ्या मुलांना प्रशस्तिपत्राचे आमिष दाखवले. पुढे मोकळ्या वेळात त्याच मुलांनी, बक्षिसाची कल्पना न दिलेल्या मुलांपेक्षा कमी वेळ चित्रे काढली. हॅनस आणि फॉक्स यांनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या दोन वर्गांची सोळा आठवडे तुलना प्रसिद्ध केली. बिल्ले आणि लीडरबोर्ड लावलेल्या वर्गाची प्रेरणा घटली आणि अंतिम परीक्षेतले गुणही कमी आले. याउलट हमारी, कोइव्हिस्टो आणि सार्सा यांनी २०१४ मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा परिणाम बहुतांशी चांगला पण संदर्भावर आणि माणसांवर अवलंबून असल्याचे दिसले. सामाईक किल्ला टिकतो तो म्हणूनच. त्यात कोणी शेवटचा नसतो. क्रमवारी लावायचीच तर मुलाची तुलना त्याच्याच मागच्या आठवड्याशी करावी.

मोबाइलवरच्या साधनांत कहूट जास्त ओळखीचे. नॉर्वेत तयार झालेल्या आणि २०१३ मध्ये सुरू झालेल्या या प्रश्नमंजूषेत बरोबर उत्तराबरोबर वेगालाही गुण मिळतात. त्यामुळे विचार करून उत्तर देणारे मूल हरते आणि अंगठा चपळ असणारे जिंकते. मंडळाच्या परीक्षेत वेगाला असे गुण नाहीत. शिवाय प्रत्येकाकडे फोन लागतो. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, मलप्रभेच्या उगमाच्या त्या पावसाळी पट्ट्यात, जुलै-ऑगस्टमध्ये रेंज आणि वीज दोन्ही बेभरवशाच्या. अशा ठिकाणी प्लिकर्स बरे. मुलांकडे छापलेले कागद असतात, कागद ज्या बाजूने वर धरला ते उत्तर, आणि फोन एकट्या शिक्षकाकडे. चार रंगांचे कार्डबोर्ड धरायला लावले तरी काम तेवढेच होते, फक्त मोजणी हाताने करावी लागते.

बेळगाव शहरातल्या आयईएलटीएसच्या क्लासांचे गणित निराळे. तिथे परदेशी शिक्षणासाठी किंवा नर्सिंगच्या नोकरीसाठी निघालेले मोठे विद्यार्थी असतात. या परीक्षेत ० ते ९ असे बँड, तेही अर्ध्या-अर्ध्या पायरीने, आणि बोलण्याची ११ ते १४ मिनिटांची समोरासमोर चाचणी. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी वाचन-ऐकण्यात तग धरतो आणि बोलण्यात अडखळतो. इथे बोललेल्या मिनिटांना गुण द्यावेत, अचूकतेला नंतर. एक जण घड्याळ धरतो, दुसरा मराठी शब्द मोजतो, तिसरा बोलतो. मराठी शब्द आला म्हणून गुण कापायचे नाहीत, त्याच्याऐवजी काय म्हणता आले असते ते शोधणाऱ्याला एक गुण द्यायचा.

अडचणी नेहमीच्याच आहेत. पोर्शन संपत नाही, चिठ्ठ्या तपासायला वेळ जातो, आणि दारातून डोकावलेले आजोबा ‘खेळायला पाठवलंय काय?’ म्हणून विचारतात. आजोबांना खंदकातली नातवाची दोन वाक्ये आणि त्यांची डागडुजी दाखवली की बहुधा भागते. फेब्रुवारीत पूर्वपरीक्षा आली की खेळ आपोआप आटतो आणि जुन्या प्रश्नपत्रिका सुरू होतात. तेव्हा तो ताणू नये. मार्चमध्ये शाळा परीक्षा केंद्र असेल तर भिंतीवरचे तक्ते उतरवावेच लागतात. किल्ल्याचा पुठ्ठा गुंडाळून कपाटावर जातो, आणि जूनमध्ये त्याच्याच पाठकोऱ्या बाजूवर नव्या तुकडीची बाह्यरेषा काढली जाते.