व्यायाम, कष्ट आणि उतारवयातील स्मरणशक्ती : पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरच्या गोगाबाबा टेकडीवर पहाटे फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांच्या तोंडी ‘चालल्याने स्मरणशक्ती टिकते’ हे वाक्य आता रुळले आहे. त्याच्या मुळाशी प्रामुख्याने दोन अमेरिकी प्रयोग आहेत. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या प्रयोगात बैठ्या सवयीच्या, ६० ते ७५ वयाच्या १२४ जणांपैकी सहा महिने चालणाऱ्यांचे लक्ष एका कामावरून दुसऱ्यावर वळवण्याचे कौशल्य सुधारले. २०११ च्या दुसऱ्या प्रयोगात १२० जण होते. आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटे चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी घडवणारा मेंदूचा भाग, वर्षभरात सुमारे दोन टक्क्यांनी वाढला, तर केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांचा सुमारे १.४ टक्क्यांनी घटला. स्मरणचाचणीतील गुण मात्र दोन्ही गटांत सुधारले होते, ही बाब सांगताना हमखास गळते.

या दोन्ही प्रयोगांतील माणसे बैठी होती, आणि मराठवाड्यात खरा गुंता इथेच सुरू होतो. बीड किंवा परभणीच्या एखाद्या गावात सत्तरीच्या आजींना ‘व्यायाम करता का’ असे विचारले, तर उत्तर ‘नाही’ असेच येते. पण त्याच आजी दिवाळीच्या सुमारास कमरेला ओटी बांधून, वाकलेल्या पाठीने दिवसभर कापूस वेचतात आणि संध्याकाळी किलोच्या भावाने मजुरी घेतात. त्यांना निष्क्रिय म्हणायचे की सक्रिय? चरकसंहितेने व्यायामाची व्याख्या करताना शरीराला स्थैर्य आणि बळ यावे म्हणून केलेली हालचाल, तीही मात्रेत, असे म्हटले आहे. हेतू आणि मात्रा या दोन्ही अटी वेचणीला किंवा ऊसतोडीला लागू होत नाहीत. तिथे हेतू मजुरीचा असतो आणि मात्रा मुकादम ठरवतो. जागतिक पातळीवर वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीत कामाची, ये-जा करण्याची आणि फावल्या वेळेतली हालचाल वेगवेगळी विचारली जाते. आठवड्याला किमान १५० मिनिटांची शिफारस मोजताना मात्र तिन्हींची बेरीज होते, आणि बेरजेत आजी टेकडीवर फिरणाऱ्या निवृत्त अधिकाऱ्याच्या कितीतरी पुढे जातात.

ही बेरीज मेंदूच्या बाबतीत ग्राह्य धरावी का, यावर दुमत आहे. डेन्मार्कमधील कामगार पुरुषांच्या दीर्घ पाठपुराव्यात, २०२० साली, जड शारीरिक कामाचा संबंध अधिक स्मृतिभ्रंशाशी आढळला; याउलट २०२२ साली बोलिव्हियातील शेती आणि शिकार करणाऱ्या एका आदिवासी समाजात साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंश सुमारे एक टक्काच दिसला. माझ्या मते फरक विश्रांतीचा, आहाराचा आणि कामावरील स्वतःच्या ताब्याचा असावा, आणि म्हणूनच ‘आमच्याकडे कष्ट आहेत, व्यायामाची गरज नाही’ हे पंचायतीच्या कट्ट्यावरचे समाधान स्वीकारणे मला कठीण जाते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अंदाजानुसार साठीपुढील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक इतके आहे. ते शहरांपेक्षा खेड्यांत, पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शाळेचे तोंड न पाहिलेल्यांत अधिक आहे. म्हणजे ज्यांच्या अंगावर काम सर्वाधिक, त्यांच्यातच. अर्थात शिक्षणाचा आणि रक्तदाबाचा वाटा यात मोठा असू शकतो.

दरम्यान मूळ प्रयोगांचे दावेही मवाळ झाले आहेत. २०१८ साली ब्रिटनमध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या ४९४ जणांवरील चाचणीत व्यायामाने अंगातली ताकद वाढली, पण आजाराची घसरण थांबली नाही. २०२२ साली अमेरिकेत ६५ ते ८४ वयाच्या ५८५ जणांच्या स्मरणावर दीड वर्षाच्या व्यायामाचा लक्षणीय परिणाम दिसला नाही. याउलट फिनलंडमध्ये, २०१५ साली, आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबावर लक्ष यांची सांगड घातल्यावर १,२६० जणांच्या चाचणीत माफक फायदा मिळाला.

आषाढीला पैठणहून पंढरपूरला पायी जाणाऱ्या साठीपुढच्या वारकऱ्यांची चाल या प्रश्नावलीत कुठे नोंदवायची, हेही अजून ठरायचे आहे. ते काम नव्हे, आणि वारकरी त्याला व्यायामही म्हणत नाहीत.