पुण्यातील मराठी इमर्शन अभ्यासक्रम

परदेशी, मुख्यतः अमेरिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी उन्हाळ्याचे काही आठवडे किंवा वर्षभर पुण्यात मुक्काम करून, शक्यतो एखाद्या मराठी घरात राहून मराठी शिकण्याची पद्धत. ‘इमर्शन’ला मराठीत रुळलेला प्रतिशब्द नाही, कल्पना मात्र जुनीच आहे : पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही. आपल्याकडे पाठीला डबा बांधून पोराला विहिरीत ढकलतात. इथे त्या डब्याचे काम सकाळचा वर्ग करतो.

महाविद्यालयीन शिक्षणाचे एक वर्ष परदेशात काढण्याची प्रथा अमेरिकेत १९२३ मध्ये सुरू झाली. डेलावेअर विद्यापीठाचे आठ विद्यार्थी त्या वर्षी फ्रान्सला गेले होते. पुढची कित्येक वर्षे अशा प्रवासाची दिशा युरोपच राहिली. सोव्हिएत संघाने १९५७ मध्ये स्पुटनिक हा उपग्रह सोडला आणि हादरलेल्या अमेरिकेने पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा केला. त्यातून आशियाई भाषांच्या अभ्यासाला सरकारी पैसा मिळू लागला. तुकारामाचे अभंग वाचू पाहणाऱ्या मुलाची शिष्यवृत्ती संरक्षणाच्या नावाने निघत होती, ही गंमत आहेच.

पैशाचा दुसरा झरा आपल्या रेशनच्या रांगेतून निघाला होता. पीएल ४८० या अमेरिकेच्या धान्यमदतीच्या कायद्याखाली आलेल्या गव्हाची किंमत भारताने रुपयांत चुकती केली. ते रुपये भारतातच खर्च करायचे होते, आणि त्यांतला काही भाग अमेरिकी अभ्यासकांच्या इथल्या मुक्कामावर आणि पुस्तकखरेदीवर गेला. शिकागोच्या ग्रंथालयात मराठी पुस्तकांची रांगच्या रांग दिसते, तिच्यामागे हाच गहू आहे.

पुणे निवडले गेले, त्यामागे डेक्कन कॉलेज होते. १९५० च्या दशकात रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने तिथे भाषाविज्ञानाचे उन्हाळी वर्ग भरत असत. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेनेही भारतातला पहिला संसार तिथेच थाटला. संस्थेचे मराठीचे वर्ग पुण्यात भरतात. अमेरिकेच्या मिडवेस्ट भागातल्या लहान महाविद्यालयांच्या एसीएम या संघानेही १९६० च्या दशकाअखेर पुण्यात आपला कार्यक्रम सुरू केला. त्यात पदवीचे विद्यार्थी मराठी कुटुंबात राहत, मराठी शिकत आणि आपापल्या विषयावर छोटा प्रकल्प करत. आंबेडकरी चळवळीच्या अभ्यासक एलिनॉर झेलियट ज्या कार्लटन कॉलेजात शिकवत, ते याच संघातले.

दिवसाचा क्रम साधा असतो. सकाळी वर्ग, तोही चार-सहा जणांचा, कधी एकट्याचा. दुपारी बाहेरचे काम : मंडईत जाऊन मेथीची जुडी कितीला ते विचारून यायचे, रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा. संध्याकाळी घर. शिकवण्याचा खरा भार हे घरच उचलते. ‘घे अजून एक’, ‘वाढू का?’, ‘पुरे’, ‘नको नको, खरंच नको’ : आज्ञार्थ, प्रश्न आणि नकार ताटावरच पाठ होतात. ‘नाही’ आणि ‘नको’ यांतला फरक पुस्तक दोन पाने समजावते. तिसरी पोळी ताटात पडू लागली की तो आपोआप कळतो.

सर्वनामांचा घोळ जास्त चिवट. घरातली मुले आईला ‘अगं तू’ म्हणतात. ते ऐकून विद्यार्थी काकूंना ‘तू’ म्हणतो आणि घर क्षणभर गप्प होते. आईला ‘तू’, वडिलांना बऱ्याच घरांत अजून ‘तुम्ही’, काकूंना ‘तुम्ही’, देवाला पुन्हा ‘तू’. याचा सोपा नियम कोणालाच सांगता येत नाही. निघताना तो ‘मी जातो’ म्हणाला की आजी हमखास टोकते : ‘जातो म्हणू नये, येतो म्हणावं.’ जाणारा माणूस येतो का म्हणतो, हे त्याला व्याकरणात सापडत नाही.

व्याकरणाचे डोंगर वेगळे. ‘चार’मधला च आणि ‘चाक’मधला च लिहायला एक, बोलायला दोन. खाणारा ‘मी’ मुलगा असो वा मुलगी, आंबा ‘खाल्ला’ आणि भाकरी ‘खाल्ली’. वर्तमानकाळात खातो-खाते घोटून आलेल्याचा इथे पाय घसरतो. ‘आम्ही’ म्हणताना ऐकणारा वगळायचा, ‘आपण’ म्हणताना धरायचा. एकोणसाठ ऐकताना कानात साठच उरतात. (२०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘पन्नास तीन’ अशी संख्यावाचनाची जोड दिली तेव्हा महाराष्ट्रात गदारोळ झाला. या विद्यार्थ्यांचे मत कोणी विचारले असते तर ते बहुधा बालभारतीच्या बाजूने पडले असते.)

पद्धतीची खरी अडचण शहराकडूनच येते. पुणेकराला गोरा चेहरा दिसला की त्याच्या तोंडून इंग्रजी निघते. विद्यार्थ्याने नेटाने मराठीत विचारावे आणि उत्तर इंग्रजीत, नाहीतर हिंदीत यावे, हे रोजचेच. अमेरिकेतल्या मिडलबरी कॉलेजाच्या उन्हाळी भाषावर्गांत शिकणारे जी भाषा शिकायची तिच्याखेरीज दुसरी भाषा न बोलण्याची लेखी प्रतिज्ञा करतात. पुण्यात ती प्रतिज्ञा दुकानदाराकडून घ्यावी लागेल. म्हणून ज्या घरात इंग्रजी न येणारी आजी असते, ते घर शिकणाऱ्याला लाभते. दुसरी उणीव म्हणजे हाती येणारी मराठी पेठांतली. तीच घेऊन विद्यार्थी वारीत किंवा मराठवाड्यातल्या एखाद्या गावात गेला की पुन्हा पहिल्या पायरीवर उभा राहतो.

या दुसऱ्या उणिवेची जाण असलेल्या एक बाई पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांतच होत्या. मॅक्सीन बर्नसन १९६१ मध्ये अमेरिकेतून भारतात आल्या. त्यांचा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला प्रबंध पुण्याच्या नव्हे, फलटणच्या बोलीवर आहे. एकाच गावात जातीनुसार, शिक्षणानुसार मराठी कशी बदलते, याचा तो अभ्यास. इरावती कर्वे यांच्या कन्या जाई निंबकर यांच्यासह त्यांनी तयार केलेले मराठीचे संदर्भ-व्याकरण आणि मराठी-इंग्रजी शब्दकोश १९७५ मध्ये आले आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या कित्येक तुकड्या त्यांवर शिकल्या. १९७८ मध्ये बर्नसन यांनी भारतीय नागरिकत्व घेतले. पुढे १९८४ मध्ये फलटणलाच त्यांनी प्रगत शिक्षण संस्था काढली. तिथे त्या जी मराठी शिकवत, ती गावातल्या मराठी मुलांना : वाचायला आणि लिहायला.