गार पाणी जातं ७ अंशांवर. परत किती अंशांवर येतं?

एप्रिलमध्ये जळगाव-भुसावळचा पारा ४४ वर गेला, की घरोघरी एसीचा रिमोट १६ वर येतो. त्याने खोली लवकर गार होत नाही. इन्व्हर्टर नसलेला कॉम्प्रेसर १६ लावा की २४, तेवढ्याच जोराने चालतो. १६ वर फक्त थांबत नाही. घरात हा हट्ट वीजबिलावर भागतो. एकाच प्लांटमधून अनेक इमारतींना गार पाणी पुरवायचं असेल, तर तो सगळ्यांनाच भोवतो.

गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत अशी सामाईक यंत्रणा चालू आहे. मोठे चिलर पाणी थंड करतात, ते जमिनीखालच्या इन्सुलेटेड पाइपांतून इमारतींत फिरतं आणि तापून परत येतं. खान्देशच्या कोरड्या उन्हाळ्यात याचा फायदा जास्त. स्प्लिट एसीचं बाहेरचं युनिट ४४ अंशांच्या हवेत उष्णता टाकतं. सामाईक प्लांट ती कूलिंग टॉवरमध्ये टाकतो. तिथे पाण्याची वाफ होते, त्यामुळे हिशेब ओल्या फडक्याच्या तापमापीचा. हवेत १५ टक्के आर्द्रता असेल तर ती जेमतेम २३ दाखवते. टॉवरचं पाणी २७-२८ अंशांवर मिळतं. किंमत पाण्यात मोजावी लागते: टनामागे (एसीचा टन, म्हणजे गारव्याचं माप) तासाला सुमारे ६ लिटर नुसती वाफ. म्हणजे १००० टनांचा प्लांट १० तास चालला तर १०,००० लिटरच्या सहा टँकरांएवढं पाणी उडालं. तिथे शुद्ध केलेलं सांडपाणीच वापरावं. बोअरचं जड पाणी घातलं तर कंडेन्सरच्या, म्हणजे चिलरची उष्णता टॉवरच्या पाण्यात सोडणाऱ्या भागाच्या, नळ्यांत क्षार बसतात, आणि पाइपला चुंबक बांधून ते जातात ही निव्वळ विक्रेत्यांची भूलथाप. पाण्याचा जडपणा काढणारा सॉफ्टनर आणि वेळेवर ब्लोडाऊन, म्हणजे क्षार साठलेलं थोडं पाणी सोडून देणं, याला पर्याय नाही.

आता खरी गोम. १ टन म्हणजे ३.५ किलोवॉट उष्णता. पाणी ७ अंशांवर गेलं आणि १४ वर परत आलं, तर टनामागे मिनिटाला ७.२ लिटर पुरतं. साडेदहावरच परतलं, तर तेवढ्याच गारव्यासाठी १४.४ लिटर. त्याच पाइपातून दुप्पट प्रवाह नेताना घर्षणाने दाब चौपट लागतो, म्हणजे पंपाची वीज आठपट. शिवाय चिलरमधून जाऊ शकणारं पाणी ठरलेलं असतं, त्यामुळे पहिला चिलर अर्ध्याच भाराला असताना दुसरा सुरू करावा लागतो. 

पाणी कोमट न होता परत का येतं? इमारतीतली हवा गार पाण्याच्या नळ्यांवरून जाते, त्या नळ्या म्हणजे कॉइल. कॉइलमध्ये प्रवाह निम्मा केला तरी गारवा सुमारे ८० टक्के मिळतो. उलट धरून पाहा: शेवटच्या २० टक्क्यांसाठी पाणी दुप्पट सोडावं लागतं. थर्मोस्टॅट १६ वर असला की समाधान कधीच होत नाही, व्हॉल्व्ह सताड उघडा राहतो आणि पाणी धावत जाऊन तसंच परत येतं. जुना थ्री-वे व्हॉल्व्ह असेल तर नको असलेलं गार पाणी थेट परतीच्या पाइपात जातं. धूळ, जिनिंगजवळ असाल तर रुईचे तंतू कॉइलच्या फिन्सवर बसले की हवा अडते. मग ऑपरेटर पुरवठ्याचं पाणी आणखी थंड करतो. चिलरची वीज वाढते, दुखणं तसंच.

उपाय कंटाळवाणे आहेत. टू-वे व्हॉल्व्ह, म्हणजे नको असलेलं पाणी वळवण्याऐवजी अडवणारे, शक्य तिथे दाब चढउतरला तरी प्रवाह न बदलणारे. पंपाला व्हीएफडी, म्हणजे गरजेनुसार वेग कमी-जास्त करणारं यंत्र, आणि त्याचा दाबमापक प्लांटमध्ये न लावता सगळ्यात लांबच्या इमारतीत. कॉइलपुढचे हवेचे फिल्टर उन्हाळ्यात दर पंधरवड्याला धुवायचे.

ग्राहकांची निवडही महत्त्वाची. सगळी ऑफिसं जोडली तर दुपारी तीनला सगळ्यांचा भार एकदम येतो. रावेर-यावल पट्ट्यातली केळी पिकवण्याची चेंबर रात्रीही गारवा मागतात, कारण पिकताना केळं स्वतः उष्णता सोडतं. चेंबरची हवा १६ ते १८ ठेवायची. १३ च्या खाली गेली तर साल काळवंडते. बँका, दवाखाने आणि चेंबर एका जाळ्यावर असतील तर तेवढ्याच चिलरमध्ये जास्त ग्राहक बसतात.

बिल मात्र नुसत्या उष्णतेवर आकारू नका. प्रत्येक इमारतीला बीटीयू मीटर, म्हणजे किती गारवा घेतला ते मोजणारा मीटर, लावा, आणि पाणी १२ अंशांखाली परत पाठवणाऱ्याकडून प्रवाहाचा वेगळा आकार घ्या. फिल्टर आपसूक धुतले जातात.