पुतळी सोन्याची आहे, पण व्हेनिसची आहे का?

महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत पुतळ्यांची माळ आजीकडून आईकडे आणि आईकडून लेकीकडे येते. त्यातल्या काही पुतळ्या दागिना म्हणून घडवलेल्याच नसतात. ती व्हेनिसच्या टांकसाळीतली डुकॅट नाणी असतात. व्हेनिसने हे नाणं 1284 मध्ये पाडायला सुरुवात केली आणि 1797 मध्ये ते प्रजासत्ताक बुडेपर्यंत त्याचं वजन, कस आणि चित्र जवळजवळ तसंच ठेवलं. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोनं जवळपास शुद्ध. मिरी-मसाले आणि कापडाच्या बदल्यात ही नाणी तांबड्या समुद्रावाटे आपल्या बंदरांत येत, आणि त्यांच्या कसाबद्दल कुणाला शंका नसे.

पण एवढी पत असलेल्या नाण्याची नक्कल होणारच. आपल्याकडच्या कारागिरांनी डुकॅट भरपूर घडवले, पुष्कळदा चांगल्या सोन्यातच. त्यामुळे वारशाने आलेली पुतळी हातात घेतली की दोन वेगळे प्रश्न उभे राहतात: सोनं खरं आहे का, आणि नाणं खरं आहे का? सराफाकडे सहसा पहिल्याचंच उत्तर मिळतं.

दुसऱ्या प्रश्नासाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. एका बाजूला डावीकडे उभे संत मार्क, उजवीकडे गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख, म्हणजे डोज, आणि दोघांच्या मध्ये निशाणाची काठी. काठीलगत डी, व्ही, एक्स ही रोमन अक्षरं एकाखाली एक दिसतात, आणि कडेने त्या डोजचं नाव असतं. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या वेढ्यात येशू. इथले कारागीर लॅटिन वाचणारे नव्हते. ते अक्षरं डोळ्यांनी उतरवत, मग नकलेची नक्कल होई आणि शेवटी अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या काड्या उरत. डोजचं नाव स्पष्ट वाचता आलं तर पुढे तपासण्यात अर्थ आहे. मात्र नाव वाचता आलं म्हणून नाणं अस्सल ठरत नाही. ओतीव नकलेत नाव उतरतं, पण अक्षरांच्या कडा बोथट आणि पृष्ठभागावर बारीक खड्डे दिसतात. ठशाने पाडलेल्या नाण्यात अक्षरांच्या कडा धारदार असतात.

पहिल्या प्रश्नासाठी सोन्याची घनता घरीच तपासता येते. ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असं लटकवा, तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल ते नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. नाण्याच्या वजनाला त्याने भागलं की घनता मिळते. शुद्ध सोन्याची 19.3, चांदीची 10.5, तांब्याची जेमतेम 9. इंग्लंडची गिनी, म्हणजे सॉव्हरिन, 22 कॅरटची असते. तिचं वजन 7.99 ग्रॅम, त्यामुळे काटा 0.45 दाखवायला हवा आणि उत्तर 17.6 च्या आसपास यायला हवं. पुतळीचं पाणी फक्त 0.18 ग्रॅम भरतं, आणि तिथे काटा ग्रॅमच्या शंभराव्या भागाने जरी चुकला तरी उत्तर एकाने हलतं. पाच सुट्या पुतळ्या एकदम बुडवल्या तर चूक कमी होते, पण त्यांत एखादी हलकी असेल तर ती सरासरीत लपते. नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडाही घनता कमी दाखवतो. माळेसाठी लावलेली कडी आणि तिचा डाक असेल तर हिशेबच बिघडतो.

टंगस्टन या स्वस्त धातूची घनता सोन्याएवढीच, म्हणून शुद्ध सोन्याच्या वस्तूत ही परीक्षा त्याला पकडू शकत नाही. गिनीत मात्र तेच टंगस्टन जड भरून उघडं पडतं. सराफाचं क्ष-किरणांचं मशीन वरच्या काही मायक्रॉनांतलंच (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सोनं मोजतं, तेव्हा जाड मुलामा त्यालाही चकवू शकतो. दोन्ही परीक्षा एकत्र केल्या तर फसवणूक बरीच अवघड होते. चुंबकाने लोखंड, निकेल असे मोजकेच धातू कळतात. तांबं, चांदी, शिसं यांपैकी काहीच त्याला चिकटत नाही.

किमतीचा तळ सोन्याच्या भावाने ठरतो. अस्सल गिनीत 7.32 ग्रॅम शुद्ध सोनं असतं, तेवढे पैसे कुठेही यावेत. त्यावरची किंमत साल, टांकसाळ आणि झीज यांवर ठरते. पंचम जॉर्जच्या बहुतेक गिन्या सोन्याच्या भावाच्या जवळपासच जातात. 1918 ची, सालाच्या वर बारीक ‘आय’ अक्षर असलेली गिनी मुंबईत पाडलेली आहे. ती त्या एकाच सालची, पण सुमारे 13 लाख पाडल्या गेल्यामुळे फार दुर्मीळ नाही. उलट सिडनीची 1920 ची गिनी इतकी विरळा आहे की कुणी ती दाखवली तर आधी संशयच घ्यावा. दुसऱ्या महायुद्धानंतर इटली आणि लेबनॉनमध्ये पूर्ण कसाच्या सोन्यात नकली गिन्या पाडल्या गेल्या, आणि त्या घनतेच्या परीक्षेत पास होतात.

कडी लावलेल्या किंवा घासून चकचकीत केलेल्या नाण्याला संग्राहक फार कमी देतात, म्हणून रिठ्याचं पाणी आणि ब्रश दूर ठेवा. मोडीत देण्याआधी दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो नाणकशास्त्राच्या जाणकाराला दाखवा. नाशिकजवळ अंजनेरीला या विषयाच्या संशोधनाची संस्था आहे. आणि नाणं परदेशातल्या मुलाकडे पाठवायचा विचार असेल तर थांबा: 1972 च्या कायद्यानुसार शंभर वर्षं जुनं नाणं पुरावशेष, म्हणजे जपायची प्राचीन वस्तू, ठरतं, आणि ते स्वतःहून देशाबाहेर नेणं गुन्हा आहे.