राजधान्यांच्या वाटेवरचा जिल्हा

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील प्रेक्षणीय स्थळे पाहणारा प्रवासी बौद्ध लेणी, यादवांचा किल्ला, मोगल मकबरा आणि ज्योतिर्लिंग एकाच सहलीत उरकतो, तेव्हा ही सरमिसळ त्याला योगायोगाची वाटते. वस्तुतः यांपैकी बऱ्याच वास्तू एका जुन्या व्यापारी वाटेने आणि तिच्या आधाराने वसलेल्या राजधान्यांनी घडवलेल्या आहेत. गोदाकाठचे प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, ही सातवाहनांची राजधानी होती आणि येथील माल पार भडोचच्या बंदरापर्यंत जात असे. अजिंठ्याची सर्वांत जुनी लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातली आहेत. उरलेली बहुतेक पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात कोरली गेली.

वेरूळचे कैलास लेणे आठव्या शतकातील राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातले मानले जाते. ते कळसाकडून पायथ्याकडे, वरून खाली कोरत आणले आहे. तेथून जवळच असलेल्या देवगिरीचा उभा तासलेला कडा, खडकात खोदलेला खंदक आणि वर नेणारी अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, पाहिली की या मुलखाच्या पाथरवटांचा हात ओळखीचा वाटू लागतो. भिल्लम यादवाने बाराव्या शतकाच्या अखेरीस येथे राजधानी केली, १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीने ती लुटली आणि १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीचा दरबारच देवगिरीला, म्हणजे दौलताबादेला, हलवला. तो बेत फसला खरा, पण त्या स्थलांतरात आलेल्या सूफींमुळे शेजारचे खुलताबाद दर्ग्यांचे गाव झाले. पुढे औरंगजेबालाही तेथेच दफन करण्यात आले.

शहराचे मूळ मात्र निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीत आहे. त्याने बांधलेल्या भूमिगत नहरींशिवाय एवढी वस्ती येथे तगली नसती, आणि तरीही नहरीला मकबऱ्याइतके पाहुणे मिळत नाहीत. औरंगजेबाने १६५३ मध्ये शहराला आपले नाव दिले. त्याची बेगम दिलरस बानू हिच्या बीबी का मकबऱ्यात संगमरवर भिंतींच्या खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला लावला आहे. मधला भाग काळ्या दगडाचा असून त्यावर पांढरा गिलावा आहे. जवळ जाऊन पाहिल्यास हा सांधा दिसतो.

अजिंठा या सगळ्यापासून दूर, वाघूर नदीच्या घळीत राहिले. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी दहाव्या लेण्यात शिरला आणि त्याने एका खांबावर आपले नाव कोरले. त्या वेळी लेण्यात ढिगारा साचलेला असल्याने ते नाव आज उभ्या माणसाच्या डोक्याच्याही वर दिसते.