वर्गखोलीतली हवा: शाश्वत महाविद्यालयीन इमारतींची पार्श्वभूमी

शांत बसून व्याख्यान ऐकणारा माणूस साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. ६० जणांचा वर्ग म्हणजे सहा किलोवॉट, आणि शिवाय तासभर साचत जाणारा कार्बन डायऑक्साइड. घर किंवा कचेरीपेक्षा वर्गखोली इथेच वेगळी पडते. थोड्या जागेत पुष्कळ माणसं, आणि तास बदलला की सगळी एकदम बाहेर. शाश्वत वास्तुरचना म्हटलं की आधी छतावरची सौर पॅनेल डोळ्यांसमोर येतात. पण कॉलेजच्या इमारतींच्या इतिहासात कळीचा प्रश्न या गर्दीला हवा आणि उजेड कसा पुरवायचा, हाच राहिला आहे.

विजेच्या आधी त्याचं उत्तर इमारतीच्या रुंदीत होतं. नालंदाचे विहार, मोरोक्कोतल्या फेस शहराचे मदरसे, ऑक्सफर्डची जुनी कॉलेजं यांची हवामानं अगदी वेगळी, तरी तिन्हीकडे मोकळा चौक आणि भोवती खोल्यांची अरुंद रांग दिसते. त्यामागे साधं गणित आहे. खिडकीच्या वरच्या कडेची उंची जितकी, त्याच्या साधारण अडीच पट अंतरापर्यंतच कामापुरता उजेड आत पोचतो. समोरासमोर खिडक्या असल्या तरी छताच्या उंचीच्या पाचपटीपलीकडे आरपार वाऱ्याचा भरवसा राहत नाही.

विसाव्या शतकात ही मर्यादा सुटली. १९०२ मध्ये अमेरिकी अभियंते विलिस कॅरिअर यांनी एका छापखान्यासाठी आर्द्रता आटोक्यात ठेवणारी यंत्रणा आखली, तिच्यातून आधुनिक वातानुकूलन आलं, आणि १९३८ पासून ट्यूबलाइट बाजारात आली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत विद्यार्थ्यांची संख्या झपाट्यानं वाढली तेव्हा या दोन्ही गोष्टी हाताशी होत्या. इमारती रुंद होत गेल्या, मधल्या वर्गांना खिडकीच उरली नाही आणि दिवसाढवळ्या दिवे लावणं नेहमीचं झालं.

याच काळात उष्ण प्रदेशांत मात्र दुसरी वाट चालू होती, आणि तिची दखल कमी घेतली जाते याची मला खंत वाटते. नायजेरियात इबादान विद्यापीठासाठी मॅक्सवेल फ्राय आणि जेन ड्रू या ब्रिटिश वास्तुविशारदांनी अरुंद, वाऱ्याला खुल्या इमारती आणि सावली देणाऱ्या जाळीच्या भिंती योजल्या. बाळकृष्ण दोशी यांनी १९६० च्या दशकात अहमदाबादच्या वास्तुकला विद्यालयात वीटकामाच्या जाड भिंती उभारल्या आणि स्टुडिओंत उत्तरेचा उजेड घेतला. ‘हरित इमारत’ हा शब्द रुळण्याच्या कितीतरी आधीचं हे काम आहे.

१९७३ च्या तेलसंकटानं इंधन महागलं आणि इमारतींच्या ऊर्जेचा हिशेब सुरू झाला. पण पहिली बचत चुकीच्या जागी झाली. बाहेरची हवा तापवायला किंवा थंड करायला ऊर्जा लागते, म्हणून ती आत घेणंच कमी केलं गेलं. अमेरिकेतल्या वायुवीजनाच्या मानकात १९८१ मध्ये माणशी किमान ताजी हवा मिनिटाला ५ घनफूट इतकी खाली होती. बंदिस्त इमारतींत डोकेदुखी, डोळ्यांची जळजळ, मरगळ अशा तक्रारी वाढल्या, आणि १९८९ च्या आवृत्तीत वर्गखोल्यांसाठी हा आकडा १५ वर नेला गेला. विद्यार्थ्याच्या श्वासातून केलेली काटकसर ही काटकसर नव्हे, हा धडा इथे मिळाला. तो पुन्हापुन्हा विसरला जातो.

ऊर्जा वाचवून हवा कशी पुरवायची, याला सगळ्यात सुंदर उत्तर मला इंग्लंडमधल्या लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठात दिसतं. १९९३ साली पूर्ण झालेली तिथली क्वीन्स बिल्डिंग सुमारे १०,००० चौरस मीटरची. व्याख्यानगृहात बाहेरची हवा बाकांच्या पायऱ्यांखालून आत येते, माणसांच्या अंगच्या उष्णतेनं वर चढते आणि विटांच्या उंच धुराड्यांतून निघून जाते. जी उष्णता इतरत्र यंत्रांना उपसावी लागते, तिच्याच जोरावर इथे हवा खेळती राहते.

त्याच दशकात हरित इमारतींची मानांकनं आली: ब्रिटनमध्ये १९९० ला ‘ब्रीम’, अमेरिकेत १९९८ ला ‘लीड’, भारतात पुढे ‘गृह’ (GRIHA). त्यामुळे निविदांमध्ये निदान अपेक्षा लिहिल्या जाऊ लागल्या. मात्र मानांकन बहुतेक वेळा आराखड्याला मिळतं आणि वीज वापरात जाते. अमेरिकेतल्या ओबर्लिन कॉलेजचं २००० साली उघडलेलं पर्यावरण अभ्यास केंद्र वापरते त्याहून जास्त ऊर्जा निर्माण करण्याच्या उद्देशानं बांधलं होतं. सुरुवातीच्या वर्षांत ते गणित जुळलं नाही आणि कॉलेजच्याच एका भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी आकडे मांडून ते दाखवून दिलं. पुढे यंत्रणेत दुरुस्त्या झाल्या, वाहनतळावरही सौर पॅनेल बसवली गेली. नोंदी खुल्या ठेवल्यामुळेच ही इमारत आज शिकण्याजोगी आहे.

दरम्यान ‘आराम’ म्हणजे काय, हेही बदललं. खिडक्या उघडता येणाऱ्या इमारतींतली माणसं बाहेरच्या हवामानाशी जुळवून घेतात आणि अधिक तापमानातही समाधानी असतात, हे १९९० च्या दशकातल्या संशोधनातून दिसलं. २००४ मध्ये आरामदायक तापमानाविषयीच्या अमेरिकी मानकानं ते मान्य केलं. जयपूरच्या पर्ल अकादमीत बाहेरची जाळी ऊन अडवते आणि खालच्या मजल्यावरचं बावडीसारखं पाणी हवा गार करतं. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या २०१९ मधल्या एसडीई-४ इमारतीत वातानुकूलन आहे, पण हवा फार थंड केली जात नाही. उरलेलं काम छताचे पंखे करतात.

कोविडनंतर वर्गांत कार्बन डायऑक्साइड मोजणारी उपकरणं लागली आणि हवेचा प्रश्न पुन्हा आकड्यांत दिसू लागला. दुसरीकडे बांधकामाचं सिमेंट-पोलाद बनवताना होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा हिशेब आता मांडला जातो. जगातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के धरतात. त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकांतल्या रुंद, बंदिस्त कॉलेज इमारती पाडायच्या की भिंती उघडून, चौक कोरून वापरत राहायच्या, यावर आता आराखड्याआधी चर्चा होऊ लागली आहे. सिंगापूरच्या त्याच विद्यापीठानं एसडीई-४ शेजारच्या जुन्या इमारती न पाडता नव्यानं घडवल्या.